व्हाइटफिश पॉइंटचं जहाजबुडीचं म्युझियम: सहा तास गाडी हाकून जावं का?

आधी निकाल, मग कारणं. मिशिगनमधलं व्हाइटफिश पॉइंटचं ग्रेट लेक्स शिपरेक म्युझियम बघायला जरूर जावं. मात्र जुलै-ऑगस्टात नको. ऑक्टोबर संपता संपता जावं, कानटोपी घालून, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर उत्तमच. उन्हाळ्यात तिथल्या किनाऱ्यावर पोरंटोरं रंगीत खडे वेचत असतात आणि सुपीरिअर सरोवर निळंशार, अगदी गुणी दिसतं म्हणे. त्या रूपावर भाळून परत आलात तर म्युझियम निम्मंच बघितलंत.

माझ्या मताला कितपत किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. मी रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त. नोकरीतला बराचसा काळ बल्क कॅरिअरच्या, म्हणजे सुटा माल वाहणाऱ्या जहाजांच्या, इंजिनरूममध्ये गेला. मुरगावला आयर्न ओअर भरून निघालेलोही आहे, त्यामुळे पोटात खनिज घेऊन चाललेलं जहाज कसं जड पावलांनी चालतं ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही. मुलगी डेट्रॉइटच्या एका उपनगरात असते. जावईबापूंना आम्हाला शिकागो दाखवायचं होतं. मी म्हटलं, शिकागो कुठे पळून जात नाही, हे म्युझियम ३१ ऑक्टोबरला दार लावतं.

रस्ता सरळ आहे. आय-७५ धरायचा आणि उत्तरेला जात राहायचं. मध्ये मॅकिनॉ पूल लागतो, १९५७ साली खुला झालेला, टोकापासून टोकापर्यंत सुमारे आठ किलोमीटर. त्याच्या आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. खाली पाणी दिसतं आणि टायर एका सुरात गुणगुणतात. मी खूष. हिने डोळे गच्च मिटून घेतले आणि म्हणाली, "अहो, त्यांना सांगा ना पलीकडून घ्यायला." पूल संपला की जंगल सुरू होतं, मोबाइलचं नेटवर्क जातं, आणि शेवटी पॅराडाइस नावाचं गाव येतं. नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्या.

वाटेत एका ठिकाणी पेस्टी खाल्ली. दुकानाचं नाव सांगत नाही. कॉर्नवॉलहून इथल्या खाणीत आलेल्या मजुरांनी आणलेला हा पदार्थ, करंजीच्या आकाराचा, पण एक खाल्ली की जेवण झालं. आत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा कंद. हिच्यासाठी व्हेज आहे का विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, आहे की, आत भरपूर भाज्या आहेत. भाज्या होत्या, मांसासकट. हिने मुकाट्याने दशम्यांचा डबा काढला. माझी पेस्टी मधोमध गार होती. भुकेच्या पोटी गेली खाली, इतकंच.

आता म्युझियम. आवारात बऱ्याच इमारती आहेत. १८६१ सालचा लोखंडी सांगाड्याचा दीपस्तंभ, शेजारी दिवा सांभाळणाऱ्या किपरचं घर, बोट घेऊन बुडत्यांना वाचवायला जाणाऱ्यांची बोटशाळा आणि राहण्याची जागा, आणि मुख्य गॅलरी. गॅलरी म्हणजे खरं तर एकच दालन. ऐसपैस म्हणता येणार नाही, आणि उजेड जाणूनबुजून कमी ठेवलेला. चष्मेवाल्यांनी पाट्या वाचायला वेळ काढून जावं. व्हाइट शोल दीपस्तंभाचं मोठं फ्रेनेल भिंग इथे आणून ठेवलंय. काचेच्या लोलकांच्या चकत्या एकावर एक अशा काही रचल्यात की साधी ज्योत सुद्धा मैलोगणती दूर फेकली जावी. मी त्याच्याभोवती फिरून फिरून पितळी चौकटीचे सांधे बघत होतो, तेव्हा नातू म्हणाला, आजोबा, घंटा तिकडे आहे.

१९७५ साली सुपीरिअरमध्ये बुडालेल्या एडमंड फिट्झजेराल्ड या जहाजाची घंटा. ब्राँझची, वजनाला दोनशे पौंडांच्या आसपास, अंगावर जहाजाचं नाव कोरलेलं. ४ जुलै १९९५ रोजी ही ५३० फूट पाण्यातून वर काढली. कॅनडाच्या नौदलाचं कॉर्मोरंट जहाज मदतीला होतं, आणि पाणबुड्याने न्यूटसूट नावाचा कडक चिलखती पोशाख घालून खाली जाऊन ती कापून सोडवली. तिच्या जागी तशीच दुसरी घंटा बसवून आले, २९ जणांची नावं कोरून. हे सगळं मरणाऱ्यांच्या घरच्यांच्या मागणीवरून झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. बुडालेल्या जहाजावरून वस्तू उचलणं आणि मागून घेणं यात फरक आहे. घंटा घासूनपुसून लख्ख केली आहे. ती तशीच हिरवट, शेवाळलेली ठेवायला हवी होती असं काही जण म्हणतील. मला लख्खच बरी वाटली. जहाजावर घंटा रोज पॉलिश होते.

गोष्ट थोडक्यात अशी. फिट्झजेराल्ड डेट्रॉइटजवळ रिव्हर रूजला बांधलं, १९५८ साली पाण्यात सोडलं. लांबी ७२९ फूट, तेव्हा ग्रेट लेक्सवरचं, म्हणजे इथल्या पाच मोठ्या सरोवरांवरचं, सगळ्यात लांब जहाज. मालक कोण, तर मिलवॉकीची एक विमा कंपनी, आणि जहाजाला नाव दिलं तिच्याच अध्यक्षांचं. पाण्यात सोडताना शॅम्पेनची बाटली पहिल्या फटक्यात फुटेना, तिसऱ्यांदा फुटली, आणि जमलेल्यांतला एक माणूस हृदयविकाराने गेला. आमच्याकडे नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही तर तांडेल दिवसभर कोणाशी बोलायचा नाही. असो, ते जहाज पुढे सतरा वर्षं व्यवस्थित चाललं, तेव्हा बाटलीवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

९ नोव्हेंबर १९७५ ला दुपारी ते विस्कॉन्सिनमधल्या सुपीरिअर बंदरातून सव्वीस हजार टन टॅकोनाइट, म्हणजे लोहखनिजाच्या गोट्या, घेऊन डेट्रॉइटकडे निघालं. कप्तान अर्नेस्ट मॅक्सॉर्ली, जुना जाणता माणूस, तो हंगाम संपला की निवृत्त होणार होता. मागोमाग आर्थर अँडरसन नावाचं दुसरं जहाज. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा वर सरकत होता. त्या संध्याकाळी गेल वॉर्निंग, म्हणजे जोराच्या वाऱ्याचा इशारा, निघाली, पहाटे दोनला ती वाढवून स्टॉर्म वॉर्निंग केली. दोघांनी उत्तरेचा, कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशाचा लांबचा मार्ग धरला. इथवर सगळं शहाणपणाचंच होतं. पण वारा फिरला आणि आडोसा संपला. १० तारखेला दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅक्सॉर्लीने रेडिओवर कळवलं की कठडा तुटलाय, दोन व्हेंट (हवेच्या नळ्या) गेलेत, जहाज कललंय आणि पंप चालू आहेत. मग रडार गेलं. अँडरसन मागून त्याला वाट सांगत राहिलं. सातनंतर दहा मिनिटांनी विचारलं, तुमच्या अडचणीचं कसं काय? उत्तर आलं, आम्ही तग धरून आहोत. थोड्या वेळात बर्फाच्या सरीआड ते अँडरसनच्या रडारवरून नाहीसं झालं. धोक्याचा संदेश नाही, काही नाही. व्हाइटफिशच्या उपसागराचा आसरा उरला होता सतरा मैल. २९ जणांतला एकही हाती लागला नाही. सुपीरिअरचं पाणी इतकं थंड की देह कुजून फुगत नाही, त्यामुळे वर येत नाही.

तुम्ही ज्या दीपस्तंभाखाली उभे असता, तोच दिवा आणि जहाजांना दिशा दाखवणारा तोच रेडिओ बीकन त्या दिवशी वीज जाऊन बंद पडले होते. जवळून चाललेल्या एका स्वीडिश जहाजावरच्या, वाट दाखवणाऱ्या पायलटने संध्याकाळी मॅक्सॉर्लीला सांगितलं की दिवा लागलाय, बीकन अजून बंदच आहे. इथला किपर १९७१ सालीच काढून टाकून दिवा स्वयंचलित केला होता. ऑटोमेशनच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही, आयुष्यभर तेच बसवत आलो. पण वीज गेली तर पुढे काय, हा प्रश्न कागदावर कुणीतरी विचारायला नको का?

आता माझा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसलो. म्युझियम ही कथा माणसांच्या बाजूने सांगतं, आणि सुरेख सांगतं. सोबतचा माहितीपटही बघा, घंटा वर येते तेव्हा नातेवाइकांचे चेहरे दिसतात. पण जहाज का बुडालं या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला बाहेर येऊन स्वतः शोधावं लागतं. जाण्याआधी कोस्ट गार्डचा १९७७ चा आणि एन.टी.एस.बी.चा, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपासणाऱ्या मंडळाचा, १९७८ चा अहवाल वरवर का होईना चाळून जा. मग दालनातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसते.

मला त्या अहवालांतली एक ओळ विसरता येत नाही. १९६९, १९७१ आणि १९७३ अशा तीन टप्प्यांत या जहाजाला जास्त खोल बसायची परवानगी मिळत गेली. हिवाळ्यात पाण्याच्या वर किती डेक राहिला पाहिजे, त्याला आम्ही फ्रीबोर्ड म्हणतो, तो मूळ हिशेबापेक्षा एकूण सव्वातीन फुटांनी कमी केला. सव्वातीन फूट! दरफेरीला तेवढा माल जास्त. आता डेकवर बघा. एकवीस हॅच, म्हणजे माल भरायची तोंडं, प्रत्येकावर एका पत्र्याचं झाकण, आणि प्रत्येक झाकणाला ६८ क्लॅम्प. हाताने आवळायचे. चौदाशेवर क्लॅम्प झाले, आणि ते सगळे नीट बसलेत का हे वादळाच्या आधी दमलेल्या माणसांनी बघायचं. त्याखाली तीन होल्ड, म्हणजे मालाचे कप्पे, पण मधल्या भिंती पाणी अडवणाऱ्या नाहीत. एका होल्डमध्ये शिरलेलं पाणी खनिजातून झिरपत पुढच्या होल्डमध्ये जायला मोकळं. शिवाय जहाजावर खोली मोजायचं यंत्र नव्हतं, दोरीला शिसं बांधून मोजायची सोय. कोस्ट गार्ड म्हणतं हॅचमधून पाणी गेलं. एन.टी.एस.बी. म्हणतं हॅच कोसळलं. जहाजवाल्यांची संघटना म्हणते, छे, कॅरिबू बेटाजवळच्या उथळ जागी तळ घासला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तळ घासल्याचंच म्हटलं असतं, तिथे दोष खडकाचा येतो. माझ्यापुरतं सांगतो, तळ घासला असो वा नसो, ते सव्वातीन फूट डेकखाली असते तर मॅक्सॉर्लीला आणखी तासभर तरी मिळाला असता असं माझं इंजिनिअरचं मन म्हणतं. सतरा मैलांना तेवढाच लागणार होता.

नोव्हेंबरच का, हे नातवाने विचारलं आणि बाहेर वाऱ्यात उभं राहून समजावायला बरं पडलं. उन्हाळाभर तापलेलं सरोवर एव्हाना गार व्हायला लागलेलं असतं, पण वरच्या हवेच्या मानाने अजून ऊबदारच. कॅनडाकडून कोरडी थंड हवा येते, दक्षिणेकडून ओलसर गरम, दोघींची गाठ नेमकी या पाण्यावर पडते. आपल्याकडेही पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात समुद्र ऊबदार असतो आणि चक्रीवादळं उठतात. कारणं एकसारखी नाहीत, पण कॅलेंडरचं पान तेच. १९७० सालचं भोला चक्रीवादळ नोव्हेंबरातलं. कोकणाला धडकलेलं फयान २००९ च्या ११ नोव्हेंबरचं. सुपीरिअरला कुणी तळं समजू नये. ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं. आणि गोड्या पाण्यावरच्या लाटा समुद्रासारख्या लांब पल्ल्याच्या नसतात. आखूड, उभ्या, एक पाठ वळवते तोवर दुसरी अंगावर. अँडरसनच्या कप्तानाने त्या रात्री दोन अजस्र लाटा आपल्या डेकवरून पुढे जाताना बघितल्या, आणि त्या फिट्झजेराल्डच्याच दिशेने गेल्या.

या सरोवरांच्या नोव्हेंबरची वही मोठी आहे. १९४० साली ११ तारखेला सकाळी ऊबदार हवा बघून पातळ कपड्यांत बदकांच्या शिकारीला गेलेली माणसं संध्याकाळी गारठून मेली. १९५८ साली १८ तारखेला कार्ल ब्रॅडली मिशिगन सरोवरात मोडलं, ३५ पैकी दोघे वाचले. १९६६ साली २९ तारखेला डॅनियल मॉरेल ह्युरॉनमध्ये दुभंगलं, वाचला एकच, अंतर्वस्त्रं आणि एक जाड कोट घालून ३८ तास तराफ्यावर.

पण १९१३ पुढे सगळे फिके. ७ ते १० नोव्हेंबर, बारा जहाजं बुडाली, अडीचशेहून अधिक माणसं गेली. वादळ ओसरल्यावर ह्युरॉन सरोवरात एक जहाज उलटं तरंगताना सापडलं, पोट वर, नाव पाण्याखाली. कोणतं ते काही दिवस कळेना. शेवटी पाणबुड्याने खाली जाऊन अक्षरं वाचली, चार्ल्स प्राइस. त्या जहाजाचा असिस्टंट इंजिनिअर निघायच्या आधी नोकरी सोडून उतरला होता. त्यालाच बोलावून प्रेतांची ओळख पटवायला लावली. त्याने आपल्या चीफला ओळखलं, पण चीफच्या अंगात लाइफ जॅकेट होतं दुसऱ्याच जहाजाचं, रेजिना नावाच्या. ते तिथे कसं आलं, दोन जहाजं एकमेकांवर आदळली की आणखी काही, हे आजवर नक्की झालेलं नाही. चीफ म्हणून हा प्रकार वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, हे लिहून टाकतो.

घंटेसमोर उभा असताना डोक्यात मात्र आपल्याकडची विजली होती. खरं नाव वैतरणा, विजेचे दिवे होते म्हणून लोक विजली म्हणत. नोव्हेंबर १८८८, कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली आगबोट. पोरबंदरला वाईट हवेमुळे थांबता आलं नाही, आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून ती सातशेहून अधिक माणसांसह गायब झाली. मुंबईत चौकशी बसली, बोटीवर लाइफबोटी आणि जॅकेटं पुरेशी नसल्याचं निघालं. तिची घंटाही नाही आणि सांगाडाही नाही. मुंबईत तिच्या नावाचं एखादं दालन असायला काय हरकत होती? इथे २९ माणसांसाठी दर १० नोव्हेंबरला २९ टोल देतात, आणि तिसावा या सरोवरांत गेलेल्या सगळ्यांसाठी.

दीपस्तंभावर चढायचं तिकीट वेगळं आहे. गुडघे चांगले असतील तर चढा, नाहीतर खालूनही सगळं समजतं. भेटवस्तूंच्या दुकानात फिट्झजेराल्डच्या चित्राचे टी-शर्ट, मग, चुंबकं आहेत. २९ जण गेलेल्या जहाजाचं चुंबक फ्रिजला लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी टॅकोनाइटच्या गोट्या शोधत होतो, नातवाने टोपी घेतली.

एक गोष्ट मात्र चुकवू नका, ती इथे नाही. साधारण तासा-दीड तासावर सू सेंट मेरी गाव आहे, तिथे व्हॅली कॅम्प नावाचं १९१७ सालचं जुनं खनिजवाहू जहाज म्युझियम करून ठेवलंय. त्याच्या पोटात फिट्झजेराल्डच्या दोन लाइफबोटी आहेत. पोलादी बोटी, आणि पोलाद कागद चुरगळावा तसं पिळवटलेलं. त्या कुणी पाण्यात सोडल्याच नव्हत्या, जहाज खाली जाताना उपटून निघाल्या. मी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवायला निघालो तर हिने हात धरला. पत्र्याची कड आत वळलेली, रिव्हेटची भोकं लांबुडकी झालेली. घंटेपेक्षा मला त्या बोटींनी जास्त सांगितलं.

तेव्हा गुण असे. व्हाइटफिश पॉइंट, पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो तांत्रिक माणसाची भूक अर्धवट राहिली म्हणून, सर्वसामान्य पाहुण्याने पाच धरावेत. व्हॅली कॅम्प, पाच. पेस्टी, दोन, तेही भूक होती म्हणून. दोन्ही जागा एका दिवसात उरकू नका, रात्री सूला मुक्काम करा, सकाळी तिथल्या लॉक्समधून, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज चढवण्या-उतरवण्याच्या हौदांतून, मोठी जहाजं वरखाली होताना बघा आणि मग व्हॅली कॅम्पवर चढा. व्हेज खाणाऱ्यांनी दशम्या दोन दिवसांच्या घ्याव्यात.